वडूज ते भूषणगड, तलावमार्गे

इंदूअक्काच्या शोकसभेचा फलक बघून माझं डोकं फिरलं. ‘ज्येष्ठ पक्षिप्रेमी, सायकलपटू व पर्यावरणदूत यांना भावपूर्ण आदरांजली.’ एका बाजूला दोन रोहित पक्षी, लग्नातल्या बर्फीसारखे गुलाबी. मधे अक्काचा फोटो, कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे बिचारी चोरीत सापडल्यासारखी दिसत होती.

तीन विशेषणं आणि तिन्ही खोटी.

अक्का पक्षिप्रेमी नव्हती. तलावावरचे सगळे पक्षी तिनं स्वतःच्या सोयीनं वाटून टाकले होते. चिखलात लांब लाल पायांनी फिरून चोच खुपसत राहणारे शेकाटे म्हणजे ‘चेकर’. दूर उत्तरेकडून येऊन हिवाळाभर राहणारी पट्टकदंब हंसांची रांग म्हणजे ‘मुक्कामाची गाडी’. उरलेलं सगळं बदक. सायकलपटू तर ती मुळीच नव्हती, पुढे निघून जाणारा माणूस तिच्या डोक्यात जायचा. आणि दूत? दूत कुणीतरी पाठवावा लागतो. अक्काला कुणी पाठवलं नव्हतं. ती आपली आपण आली होती आणि कुणी जा म्हटल्यावर जाणारी नव्हती.

ती कंडक्टर होती. एसटीच्या लाल गाडीवर नोकरी संपली, निवृत्त झाली, तरी कंडक्टरच राहिली. म्हणून हे लिहिते आहे. गेलेल्या माणसाला गुळमुळीत करून टाकायची आपल्याकडे फार घाई असते, आणि अक्काला गुळमुळीत केलेलं मी चालू देणार नाही.

चालत्या गाडीत कशाला न धरता उभं राहून हयात गेली, त्यामुळे जमिनीवर उभी असतानाही पाय फाकवून उभी राहायची, जणू आत्ता वळण येणार. माणसाचं नाव तिच्या लक्षात राहत नसे, गाव राहायचं. मी पलूसची, म्हणून मी पलूस. आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांतला एकजण मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या घरातला, वडूजच्या कॉलेजात शिकवायला आलेला. तो मिरज. “मिरज, पलूसला पाणी दे,” असं ती ओरडली की नव्या माणसाला वाटायचं, इथं कुठल्यातरी पाणीयोजनेची बैठक चालू आहे.

साडीवर जुना खाकी शर्ट घालायची. लेकीची शाळेतली सायकल, रंग उडालेली, पुढे बास्केट. बास्केटात भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, पंक्चरचं सामान. नवरा लवकर गेलेला, लेक लग्न होऊन मिरजेला. “माझ्या आईला गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला सांगा ना,” असं लेक आम्हाला फोनवर विनवायची. आम्ही सांगायचो. अक्का म्हणायची, “गाडी चालतीया तवर गॅरेजला घालायची न्हाई.”

पहिली भेट वडूजच्या आठवडी बाजारात झाली. मी पत्रकं वाटत होते. कवठाळीच्या तलावाबद्दल मी स्वतः लिहिलेलं पत्रक, दोन्ही बाजूंनी छापलेलं. लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात भजी गुंडाळायचे. ही बाई मात्र भर गर्दीत पाय फाकवून उभी राहिली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत वाचत बसली. म्हणजे उभीच राहिली. माझ्या मनात आलं, चला, एक तरी वाचक मिळाला.

“हे तू लिवलंयस?”

“हो.”

“मधे श्वास कुठं घ्यायचा?”

मी हातातलं पत्रक उलटून बघितलं.

“जैवविविधता. अधिवास. पाणथळ परिसंस्था.” एकेका शब्दावर ती अंगठ्यानं टिचकी मारत होती, तिकिटाला भोक पाडावं तशी. “ह्यात वाट कुठं हाय?”

“कसली वाट?”

“तलावाच्या कडंची. ती बंद केलीया ना त्या प्लॉटवाल्यानं? मग पक्षी बघाय जाणार कुठनं तू? उडत?”

आता भांडण कशाचं होतं ते सांगते, कारण शोकसभेत एकानंही सांगितलं नाही.

वडूजहून भूषणगडाकडे डांबरी सडक जाते. मधे एक फाटा आहे, तलाव फाटा. तिथं डांबरी सोडली की एक कच्ची वाट तलावाच्या पाण्याला धरून धरून जाते आणि पलीकडच्या वस्त्यांतून थेट गडाच्या पायथ्याला निघते. वस्तीवरच्या लोकांना शाळा, दवाखाना, बाजार यासाठी हीच वाट. मेंढरं हीच वाट धरतात. मासेमारीवाले हीच. पाणी ओसरल्यावर जो गाळ उघडा पडतो त्यावर रोहितांचे थवे उतरतात, त्यांना डोळे भरून बघायचं तरी हीच वाट.

वाटेच्या वरच्या अंगाची जमीन एका प्लॉटवाल्यानं घेतली. आणि तारेचं कुंपण ओढलं ते वाट ओलांडून थेट पाण्यात. त्याच्या रंगीत माहितीपत्रकात छापलं होतं, ‘समोर किल्ला, खाली तलाव, खिडकीतून फ्लेमिंगो’. किल्ला ह्याच्या बापानं बांधला नव्हता, तलाव ह्याच्या आजोबांनी खणला नव्हता, आणि फ्लेमिंगो ह्याच्या आईनं उबवले नव्हते. पण विकायला तिन्ही काढले. वाट कुठं गेली विचारलं तर म्हणे, “इथं वाट कधीच नव्हती. नकाशा दाखवा.”

नकाशात नव्हतीच. अशा वाटा नकाशात नसतात. लोक पिढ्यान् पिढ्या जातात-येतात म्हणून ती वाट हक्काची होते, तिला वहिवाट म्हणतात. आणि वहिवाटीला अट एकच, वापर. वस्तीवरच्या लोकांनी कुंपण बघितलं आणि लांबच्या डांबरीनं जायला सुरुवात केली. बोलले कुणी नाहीत. प्लॉटवाल्यानं गावच्या जत्रेला मंडप दिला होता, कुस्त्यांना ढाल दिली होती, दोघा-तिघांच्या पोरांना नोकरीचं कबूल केलं होतं. म्हणजे वाट वापरणारेच वाट विसरायला लागले होते, आणि विसरले की प्लॉटवाल्याचं म्हणणं खरं होणार होतं.

अक्कानं तहसील कचेरीत अर्ज दिला होता. शिवाय तिचा इलाज ठरलेला होता. दर रविवारी वडूज ते भूषणगड सायकलनं जायचं, तलावमार्गे. कुंपण आलं की सायकली तारेवरून पलीकडे उतरवायच्या आणि पुढे चालायचं. निकाल लागेपर्यंत.

“रविवारी सायकल घेऊन ये,” ती म्हणाली.

“माझ्याकडं सायकल नाही.”

“मग पत्रकावर बसून येणार हायस काय?”

मी सायकल मिळवली.

त्या फेरीसारखी सुंदर वाट मी आजवर बघितलेली नाही, आणि हे मी प्रचारासाठी म्हणत नाही. पहाटेचं धुकं, दोन्ही बाजूंना शाळू गुडघ्याएवढा, मधेच हरभऱ्याचा आंबूस वास. फाट्यावर डांबरी सुटली की चाकांचा आवाज बदलतो. मग एकदम तलाव. पाण्यावर वाफ, आणि वाफेच्या पलीकडे रोहितांची लांबलचक फिकी रेघ. माना खाली, चोची उलट्या, सगळे जेवणात गुंग. एखादी मान वर होते, मग दुसरी, मग सगळा थवा दोन पावलं सरकतो आणि पुन्हा खाली वाकतो. मिरज दुर्बीण काढायचा. पुण्याचे फोटोवाले कधी कधी सोबत यायचे, ते हातभर लांब नळकांडी रोखून पालथे पडायचे. अक्का हँडल धरून उभी. थोड्या वेळानं घंटी, टिंग टिंग. लाल गाडीत दोन घंट्या म्हणजे चला.

“अक्का, पाचच मिनटं,” फोटोवाला पालथ्यानं म्हणायचा.

“हितं तुझा थांबा न्हाई. तुझा थांबा गड हाय.”

“अहो पण पक्षी इथं आहेत!”

“त्ये काय उतरून चाललेत व्हय? येताना बघ.”

पाणी मागे पडलं की समोर भूषणगड. सगळा सपाट मुलूख आणि मधेच तो एकटा डोंगर, डोक्यावर तट बांधलेला. वळणावळणाला तो कधी उजवीकडे दिसतो, कधी डावीकडे, जणू तोच आपल्याभोवती फिरतो आहे. पायथ्याला सायकली लावायच्या आणि चढायचं. अक्काचे गुडघे गेलेले, ती पायऱ्या आडवी चढायची, खेकड्यासारखी. दरवाज्यापर्यंत आली तरी आम्ही म्हणायचो, बास झालं, बसा इथंच. ऐकायची नाही. वर देवीच्या देवळापाशी पोचून, पायरीला हात लावून मगच बसायची. “शेवटच्या थांब्याला गाडी लागल्याबिगर फेरी धरत न्हाईत.” तटावरून खाली सगळी वाट दिसायची, तलाव, कुंपणाची चमकणारी तार, आणि तारेच्या दोन्ही बाजूंना आमच्या चाकांनी पाडलेली बारीक पांढरी रेघ. ती रेघ ती रोज बघायची. म्हणजे दर रविवारी. मग भाकरी सोडायची.

कुंपणापाशी राखणदार होता, सदा. जवळच्याच वस्तीवरचा. पहिल्या रविवारी तो काठी आपटत आला.

“अक्का, हिकडनं जायचं न्हाई. शेटचा हुकूम हाय.”

“सदा, तुझं लगीन कुठं झालं रं?”

“कराडला. त्येचं काय हितं?”

“वऱ्हाड कुठनं गेलं हुतं?”

सदानं काठी जमिनीवर टेकवली. “आवं अक्का, मला काढून टाकंल त्यो. दोन पोरं हायत.”

“मग असं कर. तू गडाकडं तोंड कर. गडाकडं तोंड केलं की मागचं दिसत न्हाई.”

आणि तो खरंच वळला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही कुंपणाजवळ आलो की सदा आमच्याकडे पाठ करून भूषणगडाकडे बघत उभा राहायचा, भक्तिभावानं. आम्ही सायकली पलीकडे उतरवेपर्यंत हलायचा नाही. काही दिवसांनी तर पाठ तशीच ठेवून एक पाय मागे टाकायचा आणि खालची तार दाबून धरायचा.

“बघतोस का न्हाई रं काई?” अक्का विचारायची.

“न्हाई वो. गड लय भारी दिसतोय आज.”

एक रविवार मला विसरता येत नाही. अक्काला ताप होता. शनिवारी संध्याकाळपासून फणफणली होती. मिरज परीक्षेच्या कामात, बाकीचे लग्नाला. सकाळी मी तिच्या दारात गेले ती सांगायला की आज राहू दे. ती शर्टाची बटणं लावत होती.

“अक्का, एक रविवार रद्द केला तर काय आभाळ कोसळतं?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात पुन्हा तो शब्द वापरला नाही.

“रद्द कसं व्हतं मला म्हायती हाय. मी बघितलंय. एक दिवस फेरी रद्द. माणसं फाट्यावर उभी राहून उन्हात वाळत्यात, मग जीप पकडून जात्यात. दुसऱ्या दिवशी परत रद्द. तिसऱ्यांदा माणसं फाट्यावर येतच न्हाईत. मग वरनं इचारत्यात, ह्या मार्गावर प्रवासी कुठं हायत? न्हाईत. मग मार्गच बंद. कुणी बंद केला? कुणीच न्हाई. आपोआप. पलूस, आपोआप काय व्हत नस्तं गं. आधी एकजण म्हणतो, आज राहू द्या.”

गेलो. दोघीच. ती पायडल मारेना तेव्हा उतरून चालली, चालवेना तेव्हा सायकलच्या आधारानं उभी राहिली, पण वळली नाही. तलावाजवळ पाण्यावर ऊन तळपत होतं. मी म्हटलं, इथनं परत फिरू, कुंपण तर ओलांडलं. ती म्हणाली, “वहिवाट कुंपणापतूर हाय का गडापतूर?” त्या दिवशी देवळाच्या पायरीला हात लावून ती तिथंच आडवी झाली. गुरवाच्या बायकोनं कांदा फोडून हुंगायला दिला, ताक दिलं. शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारलं असेल?

“खालची सायकल लॉक केली का गं?”

मग एका रविवारी प्लॉटवाला स्वतः आला. पांढरीशुभ्र गाडी, पांढरा सदरा, हात जोडलेले. सदा त्या दिवशी आमच्याकडे तोंड करून उभा होता, घाम पुसत.

“अक्का, तुम्ही आमच्या आईसारख्या. या वयात तारेवरून सायकली उचलता, मला बघवत नाही.” त्यानं खिशातून कार्डं काढली. चकचकीत, प्लॅस्टिक चढवलेली, वर रोहिताचं चित्र. “हा पास. तुमच्या सगळ्या ग्रुपला. दर रविवारी मी गेट उघडून देतो. सायकलनं आत या, पक्षी बघा, पाणी प्या, चहा प्या. फुकट. आयुष्यभर.”

खरं सांगायचं तर आमच्यातले बरेच विरघळले. तारेनं हात फाटले होते सगळ्यांचे. मिरज हळूच म्हणाला, “अक्का, घेऊ या की. गेट उघडतोय म्हणजे आपण जिंकलोच.”

अक्कानं एक कार्ड हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. हयातभर लोकांचे पास तपासलेली बाई ती.

“मिरज, पास कोण देतं रं?”

“कोण म्हणजे?”

“गाडी ज्येची त्यो. पास घेतला म्हंजी मी कबूल केलं, गाडी तुमची हाय, मी तुमच्या मेहरबानीवर बसलीया. उद्या तुमी म्हणशीला, पास संपला. उतरा.” तिनं कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात परत घातलं, वर खिशावर दोनदा थोपटलं. “शेट, आमी आमच्या वाटंनं चाललूया. घरातनं न्हाणीत जायाला पास काढत न्हाई मी.”

प्लॉटवाल्यानं उरलेली कार्डं खिशात कोंबली. “मग मला कायदेशीर मार्ग धरावा लागेल.”

“धरा की. आमचा तरी धरलेला त्योच हाय. टिंग टिंग, चला रं.” घंटी वाजवायला हात मोकळा नव्हता, म्हणून तोंडानंच. आणि सायकल उचलून ती तारेवर गेली. साडी अडकली, टर्रकन् फाटली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

परतताना मिरज म्हणाला, “अक्का, गेट उघडं आणि हक्क गेलेला, हे कळायला वकील लागतो.”

“वकील कशाला? पासावर बसलेलं माणूस बघ. कायम दाराजवळ बसतंय.”

पुढे शिमग्याच्या सुमाराला अर्जावर स्थळपाहणी लागली. नायब तहसीलदार आले. गरीब माणूस, घामाघूम, कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर मोबाईल ठेवलेला. प्लॉटवाला वकिलाला घेऊन आला. आणि वस्तीवरचे लोकही आले, तीस-चाळीस असतील, बाभळींच्या सावलीत डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले.

वकील गोड बोलला. “साहेब, हे हौशी सायकलवाले आहेत. कुणी पलूसचं, कुणी मिरजेचं. रविवारी येतात, पक्ष्यांचे फोटो काढतात, किल्ल्यावर जेवतात. याला सहल म्हणतात. वहिवाट नव्हे. गावातलं एक माणूस ही वाट वापरतं का, विचारा.”

साहेबांनी विचारलं. “गावकऱ्यांपैकी कोण वापरतं ही वाट?”

बाभळीखाली कुणी तंबाखू मळायला लागलं. कुणी आकाशात बघितलं. मी संतापले होते. उठून बोलणार होते, माझ्याकडे चार पानी भाषण तयार होतं. अक्कानं माझा हात दाबून मला खाली बसवलं आणि स्वतः उठली. साहेबांकडे गेलीच नाही. बाभळीकडे गेली, गर्दीच्या गाडीत मागच्या माणसापर्यंत जावं तशी, एकेकाच्या खांद्याला धरत.

पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे होते, बापू. दुधाचा धंदा केलेले.

“बापू, वळख हाय का?”

“हाय की.”

“तुमी माझ्या गाडीत दुधाचं कॅन सांडलं हुतं.”

बाभळीखाली खसखस पिकली. बापू सावरून बसले. “सांडलं हुतं न्हवं, डायव्हरनं ब्रेक मारला.”

“आख्खी गाडी दुधानं माखली. मी तुमास्नी तलाव फाट्यावर उतरवलं.”

“उतरवलं न्हवं, ढकललं!”

“आणि तुमी मला शिव्या देत देत गेलासा.”

“शिव्या न्हवं. एकच दिली,” बापू आता उठून उभे राहिले होते, “आणि ती बी पार त्या उंबरापतूर गेल्यावर दिली! तुला ऐकू जाऊ नाई म्हणून!”

“कंच्या उंबरापतूर?”

“ह्यो काय, ह्यो!” आणि बापूंनी हात लांब करून दाखवलं. कुंपणाच्या आत, वाटेच्या कडेला, प्लॉटवाल्याच्या फलकामागे उंबर उभा होता.

मग बापूंच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी हात खाली घेतला, तारेकडे बघितलं, आणि पुन्हा वर केला. “ह्याच वाटंनं गेलो साहेब. खोटं कशाला बोलू. जलमभर ह्याच वाटंनं गेलो.”

अक्का साहेबांकडे वळली. “साहेब, आमी ज्या जागी गाडी थांबवत हुतो त्येचं नाव तलाव फाटा. फाटा कशाला म्हणत्यात? वाट फुटती त्याला. वाट न्हवती तर ही एवढी माणसं मी रोज उतरवून कुठं घालवत हुते? तलावात?”

आता लोक हसत होते, आणि हसता हसता बोलायला लागले होते. एक बाई म्हणाली, माझं बाळंतपणाचं दुखणं ह्याच वाटेवर उठलं. दुसरा म्हणाला, आमची बैलगाडी. तिसरा म्हणाला, मेंढरं. साहेब म्हणाले, “एकेकानं, एकेकानं बोला.” सदा इतका वेळ गडाकडे तोंड करून उभा होता. तो वळला. “माझं वऱ्हाड हितनंच गेलं,” तो म्हणाला, प्लॉटवाल्याच्या समोर. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पेपरात आलं नाही. बापूंच्या लेकानं त्याला गोठ्यावर कामाला घेतलं.

निकाल वैशाखात लागला. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी करावी. तार मागे सरकली, खांब निघाले. मी रात्रीत पत्रक तयार केलं, मोठ्या अक्षरांत, ‘आजपासून ही वाट सर्वांची!’ रविवारी सकाळी अक्काच्या हातात दिलं. तिनं वाचलं. या वेळी लवकर वाचून झालं.

“कालपतूर कुणाची हुती?”

मी पत्रकं पिशवीत परत घातली.

कुणीतरी हार आणला होता, ताशा सांगायचा म्हणत होतं. अक्का म्हणाली, “आज काय हाय? आइतवार हाय. चला.” तलावाचं पाणी पार आटलं होतं. गाळाला भेगा. रोहित कधीच निघून गेले होते, एकही पक्षी नाही. मिरज हिरमुसला. “आज मोकळं जायला मिळतंय आणि बघायला काहीच नाही अक्का.” तिनं घंटी वाजवली, टिंग टिंग. तार जिथं होती तिथं पोचलो. मला वाटलं, आता तरी थांबेल. पण खांबांच्या खड्ड्यांमधून ती त्याच चालीनं पुढे गेली, मान न वळवता.

उंबरापाशी समोरून धूळ दिसली. पावसाच्या आधी घराकडे परतणारी मेंढरं. पुढे घोडी, तिच्यावर अंथरुणं, भांडी, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. तिच्या लगामाला धरून एक बाई, मागे सगळी वाट भरून मेंढरं.

“उतरा,” अक्का ओरडली. “सगळ्यांनी उतरा. कडंला व्हा.”

आम्ही सायकली उचलून बाभळींत शिरलो. काटे लागले. अक्काही शिरली, सायकल खांद्याशी धरून. बाईनं घोडी थांबवली.

“आवं मावशी, म्होरं तार हाय म्हणं. डांबरीनं गेलो तर मोटारी जनावर चिरडत्यात. हितनं सोडत्यात का?”

“तार न्हाई. जा सरळ.”

“कुणाला इचारावं लागंल?”

“कुणाला न्हाई.”

बाईनं तिच्याकडे नीट बघितलं, मग जिभेनं टक् टक् केलं आणि घोडी हलली. मेंढरं जायला लागली, संपेचनात. अक्काच्या साडीला अंग घासत, तिच्या पायांमधून वाट काढत. ती हलली नाही. धुळीत कधी तिचा खाकी शर्ट दिसायचा, कधी नुसतं सायकलचं चाक. सगळी गेल्यावर आम्ही बाहेर आलो. दोन हिवाळे आम्ही राखलेली चाकांची रेघ कुठंच उरली नव्हती. वाटभर नुसते खूर.

अक्का वाकून बघत होती. मिरज म्हणाला, “पुसलं गेलं सगळं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि गुडघा धरून सायकलवर चढली. मी पंक्चर बघायला मागे थांबले. वर बघितलं तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती, आणि त्या धुळीतून ती गडाच्या दिशेनं चालली होती, सगळी वाट सोडून एका कडेनं. तीच तिची शेवटची फेरी. त्याच आठवड्यात ती, आम्ही कुणी न सांगता, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून लेकीकडे मिरजेला गेली, आणि ऑपरेशनच्या आधीच एका पहाटे झोपेत गेली.